मत हललं, पण कशामुळे?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मतदार सर्वेक्षणाची तुझी प्रश्नावली वाचली. ‘बातम्या कुठून मिळतात?’ हा प्रश्न आणि खाली टीव्ही, पेपर, व्हॉट्सॲप, यूट्यूब असे पर्याय. एवढ्यावरून मत का बदललं ते कळेल, असं तू धरून चालली आहेस. ते कळणार नाही.

१९७७ ची निवडणूक घे. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागल्यापासून पेपरांवर सेन्सॉर, आकाशवाणी तर सरकारचीच. निवडणूक जाहीर झाल्यावर बंधनं सैल झाली, पण तोवर दीड वर्ष देशभर एकाच चाळणीतून गेलेल्या बातम्या पोचत होत्या. निकाल मात्र एकसारखा लागला नाही. उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी एकही जागा नाही, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य, आणि आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१. याला कारणं अनेक होती, पण एक डोळ्यांआड करता येत नाही. उत्तरेत सक्तीच्या नसबंदीची झळ घरोघरी लागली होती. गावातल्या कुणाला उचलून नेलं, ‘केसेस’, म्हणजे नसबंदीसाठी माणसं, आणल्या नाहीत म्हणून कुठल्या मास्तरांचा पगार अडला, हे कळायला पेपर लागत नव्हता. दक्षिणेत ती झळ तेवढी नव्हती.

जे अंगावर येतं, त्याबाबत मतदाराला भुलवणं अवघड असतं. पण परराष्ट्र धोरण, दूरच्या राज्यातली दंगल, कधी न भेटलेल्या समाजाबद्दलची भीती, इथे पडताळून पाहायला त्याच्या हाती काहीच नसतं. तिथे चॅनेल म्हणेल ती पूर्व दिशा.

सप्टेंबर २०२० मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या अमेरिकी संशोधकांनी ट्रम्प यांच्या बाजूने झुकलेल्या फॉक्स न्यूज या चॅनेलच्या नेहमीच्या प्रेक्षकांपैकी काही जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले आणि तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन हे ट्रम्प यांच्यावर टीका करणारं चॅनेल पाहायला लावलं, आठवड्याला सात तासांपर्यंत. खरंच पाहतात ना, हे तपासायला त्यांना बातम्यांवर प्रश्नही विचारले. निवडणूक तोंडावर आलेली, माणसं आपल्या पक्षाला चिकटलेली. तरी करोना, टपालाने मतदान अशा विषयांवर त्यांची मतं हलली. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं: ट्रम्प यांचं काही चुकलं तर फॉक्स ते दाखवेल, हा त्यांचा विश्वासही कमी झाला. आपल्या चॅनेलने काय गाळलं, हे दुसरं चॅनेल पाहिल्याशिवाय दिसत नाही. पैसे थांबले तशी मंडळी जुन्या सवयीवर गेली आणि दोन महिन्यांत मतंही बरीचशी पूर्ववत झाली.

म्हणून एकदा भेटून भागणार नाही. पॉल लाझार्सफेल्ड यांच्या चमूने १९४० साली ओहायोतल्या ईरी काउंटीत त्याच ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला गाठलं. या पक्षाकडून त्या पक्षाकडे गेलेले थोडेच निघाले. शेवटी निर्णय घेणाऱ्यांवर आणि मधेच मत बदलणाऱ्यांवर रेडिओ-पेपरपेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा प्रभाव जास्त होता. पेपर वाचणारा, राजकारणात रस असलेला एखादा शेजारी किंवा सहकारी असतो, बातमी त्याच्या तोंडून पुढे जाते. व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओचंही तेच: तो कोणी पाठवला, मेहुण्याने की अनोळखी नंबरने, यावर बरंच ठरतं.

तेव्हा माध्यमांची यादी राहू दे, पण प्रश्न एकेका मुद्द्याला धरून विचार. एखादी बाई कांद्याचा भाव म्हणाली, तर तिने तो स्वतः बाजार समितीत पाहिला की ऐकला? ऐकला तर कोणाकडून? आणि गेल्या महिन्यातल्या चार मोठ्या बातम्या सांगून, यातली कोणती कानावर आलीच नाही, तेही विचार. ‘हे ठाऊक नव्हतं’ असं कोणी म्हणालं, की तिथल्या तिथे समजावायला बसू नकोस. तुझी प्रामाणिक तळमळ मला माहीत आहे, पण तू बोललीस की पुढची उत्तरं तुला बरं वाटावं म्हणून येतील.

खर्च वाढतो म्हणून दुसरी फेरी गाळायची चर्चा नक्की होईल. ऐकू नकोस. हवी तर घरं निम्मी कर, पण मतदान झाल्यावर त्याच माणसांकडे परत जा.

कळावे.