‘बापाला मारून टाक’ असं मी समासात लिहिलं

प्रिय मावशी,

आम्ही पाच जण लोकमान्य नगरात एकाच्या गच्चीवर दर दुसऱ्या रविवारी भेटतो. कुणी बँकेत आहे, कुणी कोचिंगमध्ये शिकवतं, पण सगळ्यांना सिनेमा लिहायचाय. आमच्यातल्या एका मित्राने बंद पडलेल्या मिलमधल्या कामगारावर २४ पानांची स्क्रिप्ट लिहिली. मी रात्री जागून वाचली, लाल पेनाने ६१ खुणा केल्या आणि पानांचे फोटो ग्रुपवर टाकले. (फोटो सोबत जोडलेत.) ‘बाप काहीच करत नाही, त्याला दहाव्या पानावर मारून टाक, शेवटी मुलगा मिलला आग लावतो असं कर,’ असंही लिहिलं. त्याने नुसता अंगठा पाठवला आणि तेव्हापासून तो येतच नाही. बाकीचे म्हणतात, मी फार कठोर आहे. मग काय खोटं कौतुक करायचं? माझ्या स्क्रिप्टला सगळे ‘मस्त’, ‘भारी’ म्हणाले होते आणि ती दोन स्पर्धांमधून पहिल्याच फेरीत परत आली. पुढच्या रविवारी माझ्या नव्या स्क्रिप्टचं वाचन आहे. खरं ऐकायचंय आणि धास्तीही आहे. त्यात पुण्याची मावसबहीण म्हणते, तुझ्या पात्रांची मराठी अशुद्ध आहे. काय करू?

– लाल पेनवाली, इंदूर

लाल पेनवाली,

तुझे फोटो मोठे करकरून पाहिले. चष्मा बदलायला झालाय हे त्या निमित्ताने कळलं, ते वेगळं. मग मी खुणा मोजल्या. ६१ पैकी ४३ शुद्धलेखनाच्या: ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, एके ठिकाणी तर दोन शब्दांमधली जागा. अकरा ठिकाणी तू त्याची वाक्यं खोडून स्वतःची लिहिली आहेस. राहिल्या सात.

त्या सातांत तू काय लिहिलंयस, आठवतं का? सहाव्या पानावर: ‘ती भांडी घासता घासता थांबते तिथे मला कळलं की पैसे आलेले नाहीत.’ अकराव्यावर: ‘हे पत्र कोर्टाचं की युनियनचं? दोनदा मागे जाऊन वाचलं.’ सतराव्यावर: ‘इथे पहिल्यांदा मला मुलाचा राग आला.’ अगं, कुठल्याही लिहिणाऱ्याने फ्रेम करून ठेवाव्यात अशा या ओळी आहेत! वाचताना तुझं काय झालं ते तू त्यात सांगितलंस, आणि ते त्याला दुसरं कुणीही सांगू शकलं नसतं. पण त्याच्यापर्यंत त्या पोचल्याच नसणार. ऱ्हस्व-दीर्घाच्या ढिगाऱ्याखाली सात वाक्यं कोण शोधत बसतो?

तेव्हा तू कठोर आहेस असं मला वाटत नाही. तुझी गफलत निराळी आहे. कुठे दुखतंय ते सांगायचं सोडून तू थेट सुरी हातात घेतलीस.

‘बाप काहीच करत नाही’ हे घे. वाचताना तुला कंटाळा आला, हे खरंच. त्याबद्दल कुणी तुझ्याशी वाद घालू शकत नाही, लेखकसुद्धा नाही. पण ‘मारून टाक’ हा तुझा उपाय झाला, आणि तो तुझ्या सिनेमातला आहे. तो बाप खाटेवर बसून वाट बघतो, तेच तर तो पोरगा लिहितोय. बापाला मारलं आणि मिलला आग लावली की उरतं काय? तुझी स्क्रिप्ट उरते, त्याची जाते.

पोह्यांचंच बघ ना. खाणाऱ्याने ‘कोरडे लागतात’ म्हटलं की त्याचं काम संपलं. चूक भिजवताना झाली, की झाकण ठेवायचं राहिलं, ते करणारीला कळतं. खाणारा उठून ‘वर दही घाल’ म्हणायला लागला तर मी त्याला स्वयंपाकघरातून हाकलेन. दही घातलेले पोहे मला आवडत नाहीत म्हणून नाही. मी पोहे करत होते, दहीपोहे नव्हे.

दहाव्या पानापाशी तू एवढंच लिहायला हवं होतंस: ‘इथे आल्यावर बाप कशाची वाट बघतोय हेच मी विसरले.’ मग बघ त्याच्या डोक्यात काय काय सुरू होतं ते! मी स्क्रिप्ट दोनदा वाचली आणि मला वाटतं, दहाव्या पानाचा आजार तिसऱ्या पानावर आहे. तिथे थकबाकीचा उल्लेख येतो, पण ती किती आणि घरात कशासाठी अडलंय, हे कुठेच दिसत नाही. ते एकदा डोळ्यांसमोर आलं की दहाव्या पानावरच्या त्या नुसत्या बसण्यालाही वजन येईल. चुकतही असेन मी. पण पटकथेत हे फार होतं: ठेच जिथे लागते तिथे दगड नसतो, आधीच्या वळणावर कुणीतरी दिवा लावायचा विसरलेला असतो. म्हणून ठेच कुठे लागली ते सांगावं आणि दगड त्याचा त्याला शोधू द्यावा.

गंमत म्हणजे जिथे बोलायला हवं होतं, तिथे तू ‘वा!’ लिहून गेलीस. चौदाव्या पानावर तो लिहितो, ‘आपलं सगळं आयुष्य वाया गेलं अशी जाणीव बापाला होते.’ कादंबरीत चालेल. सिनेमात ही जाणीव कॅमेऱ्याने कुठून टिपायची? पटकथेच्या कागदावर फक्त दिसणारं आणि ऐकू येणारं लिहायचं, ही या धंद्याची पहिली अट. तिथे तू साधं विचारलं असतंस, ‘हे मला पडद्यावर कसं कळेल?’ तर त्या एका प्रश्नाने त्याला ४३ अनुस्वारांहून जास्त दिलं असतं. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी बघतात गं. कच्च्या ड्राफ्टमधलं अर्धं पान पुढे कापलंच जायचं असतं. जे पाडायचंय त्या भिंतीला कुणी रंग देतं का? आधी गोष्ट उभी राहते का ते बघ, मग सीन, मग संवाद, आणि सगळं झाल्यावर वेलांट्या.

शेवटच्या पानावर ‘फार लांब वाटते’ असंही लिहिलं आहेस. घड्याळ लावून वाचलीस का? एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब रीतसर फॉरमॅटमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टसाठी ठीक. पण याच्या स्क्रिप्टमध्ये ‘बाप चहा पितो’ एवढ्या एका ओळीत पाऊण मिनिट जाऊ शकतं. कदाचित ती खरंच लांब असेल. पण मग कुठल्या पानापासून लांब वाटायला लागली, तेवढं सांग. नुसतं ‘लांब’ म्हटल्याने त्याच्या हाती काय लागणार?

वाचायला घेण्याआधी तू त्याला काहीच विचारलं नाहीस, हेही पत्रातून कळतं. हा कितवा ड्राफ्ट, तुला कशाची शंका आहे, कुठे पाठवायचीये? कुणाला पहिल्या ड्राफ्टनंतर फक्त ‘पुढे लिही’ एवढंच ऐकायचं असतं, आणि त्यात काही पाप नाही. परवा स्पर्धेला पाठवायची असेल तर बापाच्या स्वभावावर चर्चा नको, तेव्हा मात्र खुशाल वेलांट्या बघ.

आता ग्रुपचं. रात्री अकरा चाळीसला (फोटोवर वेळ दिसते) चौघांच्या देखत लाल पानं टाकलीस, याला माझ्याकडे काही सबब नाही. चौघांसमोर कौतुक करावं. दुरुस्ती समोर बसून, फार तर फोनवर. तो अंगठा तुला होकार वाटला असेल तर स्क्रिप्ट लिहिण्याआधी माणसं वाचायला शिक, बाई.

आणखी एक. त्याचे वडील काय करायचे, तुला माहीत आहे? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे विचारलं नसावंस. आपलं इंदूर एकेकाळी कापडाच्या मिलांचं शहर. एकेक करून मिला बंद पडल्या आणि हक्काच्या पैशांची वाट बघत बसलेले बाप आपल्याकडे गल्लीगल्लीत होते. मला त्याचं घर ठाऊक नाही, मी काही छातीठोक सांगत नाही. पण खाटेवरच्या त्या माणसाची बंडी, त्याचं दर पोस्टमनला उठून बघणं, हे सगळं मनाने रचलेलं वाटत नाही मला.

चल, तुझ्या रविवाराकडे येऊ.

तुला सगळे ‘मस्त, भारी’ का म्हणतात? आधी मला सांग, पोहे-जिलबी वाचनाआधी देतेस की नंतर? माझा अंदाज आहे, आधी. ज्याच्या तोंडात तुझी जिलबी आहे तो तुला काय सांगणार, तुझं दुसरं पान रटाळ आहे म्हणून? आपल्या इंदुरातल्या सानंद संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात चहाच्या रांगेत उभी राहून बघ. काय सपासप खरं बोलतात आपली माणसं! कारण लेखक तिथे नसतो. तेव्हा वाचन आधी, खाणं नंतर, आणि मधला अर्धा तास तू अशी बस की जणू तिथे नाहीसच.

आणि तू स्वतः वाचू नकोस. हे मी हट्टाने सांगते. मुंबईत स्क्रिप्ट आधी ऐकवतात, ‘नॅरेशन’ म्हणतात त्याला, आणि रंगवून सांगणारा भेटला की गोष्टीतली भोकं त्याच्या आवाजात बुजून जातात. ती नंतर शूटिंगच्या वेळी उघडी पडतात, तेव्हा निर्मात्याचे पैसे जातात. तुझ्याजवळ अजून निर्माता नाही, तोवर भोकं फुकटात बघून घे. ज्याने स्क्रिप्ट आधी पाहिलेली नाही अशा कुणाला सपाट आवाजात वाचायला लाव. तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने टिंब कर.

संपल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर असतं, जसं ‘कसे आहात’ला ‘मजेत’. विचारायचं, ‘फोन कुठे हातात घेतलास?’ विचारायचं, ‘गोष्ट मला चार वाक्यांत सांग.’ चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर तुझी कागदावर आलेली नाही, डोक्यातच राहिली आहे. आणि विचार, की कुणाचं काय व्हावं असं वाटत होतं? एकालाही कुणाबद्दल काही वाटत नसेल, तर मग संवाद कितीही खुसखुशीत असोत.

त्या वेळात तुझं तोंड बंद हवं. हे फार अवघड जाईल. मला गेलं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी मी एक एकांकिका लिहिली होती. आमच्या हौशी मंडळातल्या एका काकांनी ती वाचून एवढंच विचारलं, ‘यात पाऊस कशाला?’ मी अर्धा तास समजावत बसले: पाऊस म्हणजे तिचं बालपण, पाऊस म्हणजे माहेर, पाऊस म्हणजे आणखी काय काय. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, ‘छान आहे की! मग हे नाटकात का नाही लिहिलंस?’ मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पाऊस मात्र पुढच्या खर्ड्यातून काढून टाकला.

जे सांगतील ते सगळं लिहून घे, अगदी मूर्खपणाचंही. दोन दिवस वही उघडू नकोस. मग बघ: दोघंजण एकाच जागी अडलेत का? एक म्हणेल सीन काप, दुसरा म्हणेल वाढव. दोन्ही उपाय चुकीचे असू शकतात, पण जागा बहुतेक बरोबर असते. जिथे एकटाच अडलाय आणि तुझं मन स्वच्छ सांगतंय की ते असंच हवं, तिथे खुशाल सोडून दे. माझाही सल्ला याच चाळणीतून गाळ.

पुण्याच्या बहिणीला सांग, तो अभिप्राय नव्हे, तो पिनकोड आहे. तुझं पात्र मल्हारगंजात वाढलेलं असेल तर ते ‘काय करून राहिला’ म्हणणारच, आणि भाजीवाल्याशी बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदीत शिरणारच. ते सदाशिव पेठेसारखं बोलायला लागलं तर मी पहिली हसेन. एवढं मात्र तिला विचार, की कुठली ओळ कळलीच नाही? कळली नसेल त्या ओळीचा विचार करू. कानाला वेगळी लागली, तिचा नको.

सलीम खान १९३५ साली आपल्या इंदुरात जन्मले आणि जावेद अख्तर १९४५ साली ग्वाल्हेरात, हे गच्चीवर तुम्ही एकमेकांना शंभरदा सांगितलं असेल. ती जोडी होती म्हणून प्रत्येकाला रोज एक वाचणारा मिळाला, समोर, त्याच टेबलावर. तुला तो मित्र तसा मिळू शकला असता असं मला वाटतं. २४ पानं रात्री जागून वाचणारी माणसं किती असतात गं? त्यालाही हे ठाऊक असणार, म्हणूनच लागलं असेल.

तेव्हा त्याच्या घरी जा, आधी फोन करून. ग्रुपवर टाकल्याबद्दल माफी माग, ‘मारून टाक’बद्दल माग. वाचल्याबद्दल मागू नकोस, आणि कंटाळा आला होता हे लपवूही नकोस. लाल पानं घरीच ठेव. त्या सात ओळी साध्या कागदावर निळ्या शाईत उतरवून ने आणि हवा असेल तरच दे. नको म्हणाला तर मुकाट्याने परत घेऊन ये, टेबलावर ठेवून येऊ नकोस.

त्याचे बाबा घरात असतील तर त्यांच्यापाशी बसून चहा घे. मिलचं आपणहून काढू नकोस. त्यांनी काढलं तर ऐक. आणि ऐकलेलं तुझ्या स्क्रिप्टमध्ये घालायचं नाही. ते त्याचं आहे.

– मावशी