मुलगी स्त्रीवादी झाली म्हणजे दीन (आपला धर्म) सोडणार का?

मुस्लिम घरांतल्या आया माझ्याकडे येतात तेव्हा ही धास्ती कुठल्या ना कुठल्या रूपात बोलून दाखवतातच. हे कुटुंब मूळचं जळगावकडचं, आता इंदूरकर, घरात मराठी बोलणारं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी वकील, लग्न ठरलेलं. निकाहनाम्यात तिला दोन अटी हव्या होत्या: वकिली चालू राहील, आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर तलाक घेण्याचा अधिकार तिला असेल.

“ताई, नमाज चुकवत नाही, रोजे धरते. मग हे खूळ कुठून शिरलं?” आईने विचारलं.

मुलगी उसळली. “मैत्रिणी म्हणतात, हिजाब घालून कसली स्त्रीवादी? घरचे म्हणतात, स्त्रीवादी होऊन कसली मुसलमान? मी जायचं कुठे?”

धर्माचा निवाडा करणं माझं काम नव्हे. या अटी कुठून आणल्यास, एवढंच मी तिला विचारलं. निकाह हा करार आहे आणि त्याला मुलीची कबुली लागते, इथून तिने सुरुवात केली. अटींवर बायकोला तलाकचा अधिकार देणारी तलाक-ए-तफवीजची तरतूद फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, जुनीच आहे. मेहरवर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेवर, कुराणाने हक्क दिलाय तो बायकोला.

मेहर म्हटल्यावर मी आईकडे वळले. तुमचा मिळाला?

“पहिल्याच रात्री माफ केला. नणंदेने आधीच बजावलं होतं, विचारलं की हो म्हणायचं.”

मुलगी आईकडे बघतच राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

आईची खरी भीती वेगळीच निघाली. “उद्या शहाबानोसारखं कोर्टात उभं राहायची वेळ आली तर?” शहाबानो याच इंदूरच्या. १९७८ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी पोटगी मागितली. इथल्या कोर्टाने महिना २५ रुपये मंजूर केले, हायकोर्टाने १७९ रुपये २० पैसे. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत १९८५ उजाडलं. मी म्हटलं, त्या भीतीपोटीच तर मुलगी आधी लिहून मागतेय.

काही मुस्लिम स्त्रिया कुराणाच्या आधारे समतेसाठी भांडतात, काहींना धर्माचा आधार अपुरा वाटतो. ही मुलगी पहिल्या वाटेवर आहे, आणि तिने दीन सोडल्याची एकही खूण मला दिसली नाही. आईला मी तसं स्पष्ट सांगितलं.

वकिलीची अट मुलाकडच्यांनी मान्य केली आहे. दुसऱ्या अटीवर त्याचे वडील अडून बसलेत. बोलणी आता आईच करतेय, आणि मेहर निकाहच्या वेळीच रोख हवा, ही तिसरी अट तिने स्वतःहून घातली आहे.