दऱ्या, दर्या आणि तुझा कोड

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला कोड दोन रात्री बसून वाचला. ई-बुक वाचायचा छोटासा प्रोग्रॅम, आणि त्यातली देवनागरीची अक्षरजुळणी तू बाहेरची एकही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, न घेता स्वतः लिहिलीस. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा, हे सगळं तू तुझं तू शोधलंस. मला अभिमान वाटला, हे आधी सांगतो. मग मी 'दऱ्या' टाइप केलं आणि पडद्यावर 'दर्या' उमटलं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. 'आचाऱ्यांना' लिहिलं, तर स्वयंपाकघरातली माणसं थेट आचार्यपदाला पोचली.

चूक लहानशी आहे. 'ऱ'ला तू 'र'च समजलास, त्यामुळे मराठीचा हा आडवा, पापणीसारखा 'र' तुझ्या कोडमध्ये आलाच नाही. दुरुस्ती अर्ध्या तासाची. पण हा खड्डा दुसऱ्यांनी आधीच बुजवून ठेवलाय, आणि त्याची गोष्ट तुला माहीत असायला हवी.

ओपनटाइप या प्रकारचे फॉन्ट वाचून जोडाक्षरं जुळवणारा कोड मुळात फ्रीटाइप या फॉन्टच्या लायब्ररीच्या प्रकल्पातला. तिथून तो पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीने उचलला आणि प्रोग्रॅमांच्या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या क्यूटीनेही. दोघांनी आपापल्या प्रतीत वेगवेगळे बदल केले. आयसीयू या जगभरच्या भाषा हाताळणाऱ्या लायब्ररीचं तर स्वतःचं तिसरंच जुळणीचं इंजिन होतं. म्हणजे लिपी एक, नियम तेच, आणि एका ठिकाणी बग सुटला तरी तो दुसरीकडे तसाच. पुढे पँगो आणि क्यूटीच्या प्रती एकत्र आणून हार्फबझ नावाचा सामायिक प्रकल्प उभा राहिला. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुलं. ओपनटाइपचंच ते फारसी रूप. नंतर त्याच प्रकल्पातल्या बेहदाद एस्फहबोद यांनी तो सगळा कोड नव्याने लिहून काढला.

हो, नव्याने! मी तुला 'पुन्हा लिहू नकोस' सांगायला बसलोय आणि उदाहरण मात्र पुन्हा लिहिलेल्या कोडचं देतोय. पण ते काम कसं झालं ते बघ. जुन्या कोडमधल्या अडचणी त्यांनी आतून भोगल्या होत्या. भारतीय लिप्यांसाठी 2012 मध्ये त्यांनी विकिपीडियातून शब्दांच्या याद्या काढल्या. त्यात देवनागरीचेच सात लाखांहून जास्त शब्द होते. प्रत्येक शब्दाची जुळणी विंडोजमधल्या युनिस्क्राइब या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनाच्या जुळणीशी ताडून पाहिली आणि जिथे फरक आला तिथे कारण शोधलं. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड हे सगळे हार्फबझ वापरतात. लिबरऑफिसने 2017 च्या 5.3 आवृत्तीपासून सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तेच घेतलं. त्याआधी विंडोज, मॅक आणि लिनक्सवर जुळणीची इंजिनं वेगवेगळी होती.

तुझ्या तीन हजार ओळी आणि त्यांच्या ओळी यांत हाच फरक आहे. कोड तर तूही लिहिलास, आणि चांगला लिहिलास. पण त्या लाखो शब्दांनी दाखवलेल्या चुका तुझ्या कोडने पाहिलेल्या नाहीत. कोड दुसऱ्यांदा लिहायला फार वेळ लागत नाही रे. चुका दुसऱ्यांदा सापडायला मात्र वर्षं जातात, आणि तोवर त्या तुझे वाचक सोसतात.

नुसती नक्कल करून आणणं तर याहून वाईट. हे मी केलंय. आमच्या एका कामात मी झेडलिब ही फाइली दाबण्याची लायब्ररी सरळ आमच्या फोल्डरमध्ये चिकटवली, दोन ओळी बदलल्या आणि विसरून गेलो. मार्च 2002 मध्ये झेडलिबमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं, 1.1.4 आवृत्तीत ते बुजवलंही गेलं. ज्यांनी सिस्टिममधली सामायिक लायब्ररी वापरली होती, त्यांचं काम एका अपडेटमध्ये झालं. जगभरच्या कितीतरी प्रोग्रॅमांच्या पोटात मात्र माझ्यासारख्यांनी चिकटवलेल्या प्रती होत्या. आमची प्रत कुठे आहे आणि त्यात मी काय बदललं होतं, हे शोधण्यात आमचे चार दिवस गेले. डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या धोरणात अशा पोटातल्या प्रतींविरुद्ध वेगळं कलमच आहे. ते मी नंतर वाचलं.

आता तू म्हणशील, लेफ्टपॅडचं काय? बरोबर आहे. मार्च 2016 मध्ये लेखकाने 11 ओळींचं ते पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सामायिक कोठारातून काढलं आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार करण्याचं काम, कोसळले. आकड्याच्या डावीकडे शून्यं भरायला दुसऱ्याच्या दारात जायची गरज नव्हती. अशा ओळी स्वतः लिही, खुशाल लिही. मी एवढंच विचारतो: या प्रश्नाला तळ आहे का? शून्यं भरण्याचा तळ दुपारच्या चहाआधी लागतो. देवनागरीच्या जुळणीचा मला वीस वर्षांत लागलेला नाही. आणि घ्यायचंच तर लायसन्स वाचून घे. हार्फबझचं एमआयटी धाटणीचं आहे, मूळ सूचना सांभाळून ठेवलीस की पुरे.

तुझा कोड फेकू नकोस. तो लिहिलास म्हणूनच हार्फबझमध्ये काय चाललंय ते तुला कळेल. नुसती लायब्ररी जोडणाऱ्याला ते कळत नाही. वेगळ्या ब्रँचमध्ये, म्हणजे मुख्य कोडपासून बाजूला, ठेव. मुख्य प्रोग्रॅमला हार्फबझ जोड आणि वाचलेले महिने तिकडे घाल, जिथे खरंच काम पडलंय. हार्फबझ ओळ तोडत नाही, पान मांडत नाही. लांबलचक मराठी शब्द अरुंद पडद्यावर कुठे तोडावा, ओवीचा चरण दुसऱ्या ओळीत गेला तर किती आत सरकवावा, हे तुझ्या वाचकांसाठी अजून कुणी नीट केलेलं मी पाहिलं नाही.

आणि एक काम ताबडतोब कर. तुला अडलेले सगळे शब्द एका फाइलमध्ये लिही: दऱ्या, आचाऱ्यांना, वाऱ्यावर, मार्मिक, जे असतील ते. हार्फबझमधून ते वेगवेगळ्या फॉन्टांत काढून बघ. कुठे बिघडलं, तर आधी दोष फॉन्टचा की इंजिनाचा ते ठरव, आणि त्या-त्या प्रकल्पात फॉन्टचं नाव, आवृत्ती आणि चित्रासकट इश्यू, म्हणजे चुकीची तक्रार, टाक. इंग्रजीची काळजी करू नकोस, पाठवण्याआधी मी बघून देईन.

माझ्याकडे आजीच्या ओव्यांची वही आहे. तिच्यातले शब्द मी या रविवारी टाइप करायला घेतो. तुझ्या फाइलमध्ये तेही घालू.

कळावे, लोभ असावा.