विचारा मोकळेपणी : मैत्रिणीने सुचवलेलं स्थळ

तुळशीचं लग्न आटोपलं की खान्देशात बायोडाट्यांची ये-जा सुरू होते. मामा, आत्या आणि परिचय मेळावे आहेतच. आता त्यांच्या जोडीला मित्रमैत्रिणीही आल्या. या वेळची बरीच पत्रं त्यांनी घडवलेल्या ओळखींबद्दलची आहेत.

प्रश्न : माझी मैत्रीण चोपड्याला शाळेत शिक्षिका आहे, वय 28. माझ्या मिस्टरांचा मित्र पुण्यात कंपनीत आहे, मूळचा पाचोऱ्याकडचा. दोघांचं जमेल असं वाटतं. पण बिनसलं तर मैत्री जाईल, ही भीती. सुरुवात कशी करू?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : आधी मैत्रिणीला विचारा, आणि एकटीला गाठून. मिस्टरांमार्फत मुलाला आधी विचारलंत, तो हो म्हणाला आणि मग तिच्याकडे गेलात, तर ती मुलाचा विचार करतच नाही. 'हिच्या नवऱ्याच्या मित्राला नाही कसं म्हणायचं' एवढंच तिच्या डोक्यात राहतं. मग संकोचाने हो म्हणते आणि तीन आठवडे भेट टाळत राहते. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते बिनसणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं.

फोन नको, मेसेज करा. फोनवर लगेच काहीतरी बोलावं लागतं. मेसेज साधारण असा : "ह्यांचे एक मित्र आहेत. वय 31, पुण्यात पक्की नोकरी, घरी आई-वडील आणि धाकटा भाऊ, पाचोऱ्याकडे शेती. त्यांना अजून काहीच विचारलेलं नाही. तुला भेटावंसं वाटलं तर सांग, नाहीतर विषय संपला." यातलं 'त्यांना अजून काहीच विचारलेलं नाही' हे वाक्य गाळू नका, तिला मोकळेपणाने नाही म्हणता येतं ते त्याच्यामुळे.

दोन्हीकडे सारखीच माहिती द्या. वय, शिक्षण, नोकरी पक्की की कंत्राटी, घरात कोण कोण, लग्नानंतर राहायचं कुठे. तुमच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा मोठा आहे. चोपड्याची नोकरी सोडून पुण्याला जायची तिची तयारी नसेल आणि त्याची इकडे यायची नसेल, तर हे पहिल्या मेसेजातच कळलेलं बरं. आधी लग्न मोडलं असेल, घटस्फोट झाला असेल, तर ज्याचं त्याला विचारून भेटीपूर्वीच समोर सांगा. पगाराचा आकडा मात्र तुम्ही सांगू नका. तुम्हाला ठाऊक असतो तो ऐकलेला आकडा, आणि पुण्याच्या कंपन्यांत कागदावरचं पॅकेज आणि महिन्याला हातात पडणारी रक्कम यांत बरंच अंतर असतं.

मुलगा निर्व्यसनी आहे का, हे विचारलं जाणारच. "शंभर टक्के" म्हणू नका. "आमच्यासमोर कधी पाहिलं नाही" म्हणा, कारण तुम्हाला तेवढंच माहीत आहे. ओळख तुम्ही करून देताय, माणसाची हमी घेत नाही आहात.

फोटो एकच, अलीकडचा, तिने स्वतः निवडलेला. तिच्या डीपीवरून परस्पर उचलून पाठवू नका. दोघांचा होकार आल्यावर त्याचा नंबर तिला द्या, तिचा त्याला नको; पहिला मेसेज तिला करू द्या. आठवडाभरात तिने केला नाही तर तेच उत्तर समजायचं. तिघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करू नका. त्यात दोघंही तुम्हाला ऐकवायला बोलतात, एकमेकांशी नाही. भेट झाल्यावर "कसं झालं?" हे एकदाच विचारा आणि बाजूला व्हा. "तू त्यांना आवडलीस" हा निरोप तर मुळीच नेऊ नका. ते त्याने स्वतः सांगायचं.

प्रश्न : मैत्रिणीच्या ओळखीतल्या एका मुलाला भेटायचं आहे. इथे कुठेही बसलं तरी ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच. हॉटेलात दोघांनीच समोरासमोर बसायला अवघड वाटतं. कुठे भेटावं, किती वेळ?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : थंडी असेल तर मैत्रिणीला तिच्या किंवा कोणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी ठेवायला सांगा. आपल्याकडे याहून चांगली पहिली भेट नाही, असं आमचं ठाम मत आहे. सहा ते आठ जण असावेत, त्यांत एक-दोन जोडपी लग्न झालेली. पार्टी कशासाठी आहे हे बोलावणाऱ्यांपलीकडे कोणाला कळू देऊ नका, नाहीतर सगळे तुमच्याकडेच बघत बसतील.

आठ जणांना भरिताची मोठी हिरवी वांगी तीन किलो पुरतात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नाहीतर पुऱ्या. घरातले कोणी चातुर्मासात वांगं पाळत असतील तर चंपाषष्ठीनंतरचा रविवार धरा. पार्टीचा फायदा असा की हात कामात असतात, त्यामुळे गप्प बसलं तरी अवघडत नाही. कोणी कपाशीच्या काड्या पेटवतं, कोणी मिरच्या-लसूण भाजतं, कोणी बडजीत, म्हणजे भरिताच्या लाकडी भांड्यात, ठेचतं. तुम्हा दोघांना कांद्याची पात निवडून चिरायचं काम द्यायला सांगा. अर्ध्या तासाचं बैठं काम आहे, सगळ्यांच्या नजरेसमोर, पण बोलणं फक्त दोघांत.

आणि तिथे माणूस दिसतो. वांग्याला टोचे न मारता ते विस्तवावर टाकलं की आतली वाफ कोंडून फुटतं आणि गर राखेत सांडतो. असं झालं की कोण हसतं, कोण दुसऱ्यावर खेकसतं, कोण निमूट नवीन वांगं घेतं, ते बघा. सालदाराशी तो कसा बोलतो, पाणी मागतो की स्वतः उठून घेतो, तेही बघा. बायोडाट्यात यासाठी रकाना नसतो.

मार्चनंतर हे जमत नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास गेल्यावर उघड्यावर बसून कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. तेव्हा सकाळी आठला नाश्त्याला भेटा, शक्यतो जळगावला. भुसावळहून 25 किलोमीटर आहे, आणि ओळखीची तोंडंही तिकडे कमी. मैत्रीण आणि तिच्या घरचे पहिली दहा-पंधरा मिनिटं सोबत असू द्या, मग त्यांनी शेजारच्या टेबलावर जावं. दुसऱ्या दुकानात नको. एकूण वेळ एक तास. निघायची वेळ आधीच सांगून ठेवा. भेट रंगली तर पुन्हा भेटता येतं. न रंगलेली भेट संपवायला मात्र निमित्त लागतं.

मुलगा पुण्या-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणार असेल तर उतरल्या उतरल्या भेट ठेवू नका. रात्रभर जागलेला माणूस चिडका किंवा मुका वाटतो आणि उगाच नापास होतो. भेटीला तुम्ही आपापल्या वाहनाने या-जा. पहिल्या भेटीनंतर "सोडतो ना घरी" हे नको. बिल निम्मं-निम्मं. आणि खरंच कोणी काकू समोर येऊन "हाऊ पोऱ्या कोना शे?" विचारलंच, तर "मैत्रिणीकडचे पाहुणे" म्हणा. खोटंही नाही आणि पुरेसंही आहे.

प्रश्न : मुलीला तिच्या मित्रांनी सुचवलेला मुलगा पसंत आहे. त्यांच्याकडे 12 एकर केळी आहे असं मित्र सांगतात. खात्री कशी करावी? विचारलं तर अपमान वाटेल का?
(एक वडील, यावल)

उत्तर : मित्रांनी सांगितलेला एकराचा आकडा सहसा खरा असतो, फक्त तो अख्ख्या घराचा असतो. महाभूलेख संकेतस्थळावर तालुका, गाव आणि गट नंबर किंवा नाव टाकून सातबारा विनाशुल्क पाहता येतो. तीन गोष्टी बघा. भोगवटादार म्हणून कोणाकोणाची नावं आहेत. वडील आणि काका एकत्र असतील तर 12 एकर त्या सगळ्यांचे. 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा कसला आहे. सोसायटीचं पीककर्ज दिसलं म्हणून दचकू नका, ते बहुतेकांच्या उताऱ्यावर असतं. ट्रॅक्टर, घर, धंदा अशा कारणांची कर्जं एकावर एक चढलेली असतील तर विचारा. तिसरं, आठ-अ. एका गावातली खातेदाराची सगळी जमीन त्यात एकत्र दिसते. जमीन दोन गावांत असेल तर आठ-अ ही दोन.

वाट्याचा हिशोब करताना मुलाचे भाऊ मोजता, तशा बहिणीही मोजा. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्यालाही ते लागू आहे, हे ओघाने.

केळीचं उत्पन्न एका वर्षाच्या भावावरून धरू नका. एक वादळ किंवा गारपीट उभी बाग झोपवते. निदान तीन वर्षांचा अंदाज विचारा, नवती (नवी लागवड) किती आणि पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली बाग) किती हेही. अपमानाचं म्हणाल तर विचारण्याची रीत आहे : आधी आपलं सांगायचं, मग त्यांचं विचारायचं. आणि हे मुलाच्या वडिलांशी समोर बसून बोला. मित्राला मध्ये घातलंत तर दोन्हीकडून तोच भरडला जाईल.

प्रश्न : कॉलेजच्या मित्रांमुळे आमची ओळख झाली, दोघंही आदिवासी समाजातले. तिच्या तपासणीत ती सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक निघाली. माझी तपासणी झालेली नाही. हे लग्न करता येईल का?
(एक वाचक, तळोदा)

उत्तर : आधी तुमची तपासणी करा, मग बोला. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सॉल्युबिलिटी चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढं सांगते. वाहक की रुग्ण हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तसं सांगा, निकाल फसू शकतो.

तुम्ही निर्दोष निघालात तर तुमचं एकही मूल रुग्ण होणार नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुम्हीही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50, निर्दोष असण्याची 25. 'चारांतलं एक' असा अर्थ काढू नका. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. दोघंही वाहक असाल तर लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. पण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, त्याबद्दल लग्नाआधीच जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा. वाहक म्हणजे आजारी नव्हे. मित्रांना हा निकाल सांगायची गरज नाही, तो तुम्हा दोघांचा आहे.

प्रश्न : मित्राच्या बायकोने ओळख करून दिली, दोनदा भेटलो. मुलगी चांगली आहे, पण माझं मन होत नाही. मित्राला वाईट न वाटता नकार कसा द्यावा?
(एक वाचक, शिरपूर)

उत्तर : तीन दिवसांच्या आत, आणि आधी मुलीला. मित्राला नंतर. "दोनदा भेटलो, बोलायला बरं वाटलं, पण मला पुढे जावंसं वाटत नाही. तुम्हाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून सांगतोय." एवढंच. कारण देऊ नका. रंग, उंची, पत्रिका, घरचे, काहीही सांगितलंत तरी ते गावभर फिरून तिच्याच कानावर येतं. 'सध्या लग्नाचा विचार नाही' हेही नको; चार महिन्यांनी तुमचा साखरपुडा झाला की मित्राची बायको तोंडघशी पडेल. मित्राला सांगताना आभार माना आणि पुन्हा कोणी सुचवावंसं वाटतं का, ते स्पष्ट सांगा. तिचा फोटो आणि चॅट फोनमधून काढून टाका आणि काढल्याचं मित्राच्या बायकोला कळवा, म्हणजे तिला मैत्रिणीला तसं सांगता येईल.