आरए आहे, म्हणून प्रत्येक नवं दुखणं आरएचंच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांपासून आरए (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा संधिवात), त्यासाठी मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) या गोळ्या चालू, सांधे बऱ्यापैकी आटोक्यात. पण गेले दोन महिने हाताला मुंग्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर, आणि झोप होऊनही सकाळी गळून गेल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "आरएमध्ये असं होतंच." रिपोर्ट नॉर्मल. सासूबाई म्हणतात, फार मनाला लावून घेतेस. मग विश्वास कुणावर ठेवायचा, आणि कळेपर्यंत दिवस कसे काढायचे?

मी डॉक्टर नाही. आरएची जुनी पेशंट आहे, दहा-बारा वर्षं झाली, राहायला पुण्यात सिंहगड रोडला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे: "असं होतंच" एवढ्यावर उठून यायचं नाही. होत असेलही. पण मग त्याला काही नाव असतं, तपासणी असते, आणि बरेचदा उपायही असतो. ते विचारायचं. नवीन काही सुरू झालं की ते आरएमुळे आहे, गोळ्यांमुळे आहे, की तिसराच कुणी पाहुणा आलाय, एवढं तरी वेगळं काढता आलं पाहिजे.

मुंग्यांचंच घ्या. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसची (गियान-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली. नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी, रोज पेपरात हीच नावं. पाण्यातून येणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूवर बोट होतं, घरोघरी पाणी उकळणं सुरू झालं, आणि संशयित धरून राज्यातला आकडा २०० च्या वर गेला. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. धाबं दणाणलं. जीबीएसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, आरएमध्ये ती सांध्यांवर उलटलेली असतेच. म्हटलं, आता नसांची पाळी.

डॉक्टरांनी आधी पायांबद्दल विचारलं. मुंग्या पायांत सुरू झाल्या का, जिना चढताना पाय लटपटतात का, दोन-चार दिवसांत अशक्तपणा वर वर चढतोय का? यातलं काहीच नव्हतं. मग विचारलं, रात्री झोपेतून उठवतात का? हो, आणि हात झटकला की बरं वाटतं. गाडीवरून विठ्ठलवाडीच्या पुढे आलं की हँडल धरलेला हात बधिर होतो, हेही सांगितलं. "आणि करंगळीला?" ते म्हणाले. मी विचारात पडले. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढंच बधिर व्हायचं. करंगळी साफ सुटलेली. त्यांनी मनगटं खाली वाकवून दोन्ही पंजे पाठीला पाठ लावून धरायला सांगितले. मिनिट व्हायच्या आतच मुंग्या हजर.

ते निघालं कार्पल टनेल. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या (टेंडन) आणि एक नस एकत्र जातात; आरएमुळे त्या दोऱ्यांच्या आवरणाला सूज आली की नस दाबली जाते. नर्व्ह कंडक्शनची (नसेतून संदेश नीट जातो का ते बघणारी) तपासणी झाली, रात्री मनगटाला पट्टा सुरू झाला, सूज उतरावी म्हणून औषधात थोडा फेरफार झाला. म्हणजे होतं आरएचंच. पण "होतंच" म्हणून गप्प बसले असते तर नस दाबलेलीच राहिली असती, आणि ते फार लांबलं तर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झिजतो. तेव्हा आज रात्री मुंग्यांनी जाग आली तर दिवा लावून नीट बघा, कुठली बोटं आहेत ते. आणि मुंग्या पायांत असतील तर बी-१२ आणि साखर यांचीही चौकशी हवी, विशेषतः शाकाहारी असाल तर.

डोळ्यांचं मला जास्त ओळखीचं वाटलं. आरएबरोबर शोग्रेन नावाचा कोरडेपणाचा त्रास येऊ शकतो, अश्रू आणि लाळ दोन्ही कमी होतात. सुकी पोळी घशाखाली उतरायला पाणी लागतं का? दात अचानक किडायला लागलेत का? असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना शर्मर टेस्ट करायला सांगा: खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. ५ किंवा त्याहून कमी म्हणजे डोळा चांगलाच कोरडा. एचसीक्यूसाठी पडद्याची तपासणी करतात ती वेगळी, ती झाली म्हणून ही झाली असं समजू नका. आणि डोळा लालभडक होऊन ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

थकव्याला मात्र मीही हात टेकलेत. एकच कारण क्वचित सापडतं. तुमचे "रिपोर्ट नॉर्मल" म्हणजे कुठले, हे आधी बघा. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या नॉर्मल म्हणजे अंगात दाह (सूज) फारसा नाही, एवढंच. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व यांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. माझं हिमोग्लोबिन दुखण्याच्या गोळ्यांनी पोटातून रक्त झिरपल्यामुळे उतरलं होतं, आणि सांध्यांत ते शोधून कसं सापडणार? मेथोट्रेक्सेट तुम्ही आठवड्यातून एकदाच घेता ना? (रोज घेतल्याने जिवावर बेतलेली माणसं आहेत, म्हणून विचारते.) स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गोळीच्या दिवशी खूण करा आणि गळून गेलेल्या दिवशी दुसरी. दोन खुणा सारख्या शेजारी येऊ लागल्या, तर कारण गोळीत असू शकतं. फॉलिक अ‍ॅसिड वाढवून किंवा मेथोट्रेक्सेट गोळीऐवजी इंजेक्शनने देऊन पुष्कळांना फरक पडतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. स्वतःहून गोळी बंद करू नका, स्टेरॉईड तर एकदम मुळीच नाही.

काही गोष्टींना मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. ताप, कारण आपल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि स्टेरॉईडवर असताना ताप कमीही दिसतो. एकच सांधा बाकीच्यांपेक्षा भलताच लाल, गरम होणं. नवीन कोरडा खोकला आणि नेहमीच्या जिन्याला लागणारी धाप. तोंडभर फोड. पाऊल किंवा मनगट लुळं पडणं. मान दुखून हातापायांत करंट गेल्यासारखं होणं. छातीत दुखणं हे तर कुणालाही. यात "बघू उद्या" नाही.

घरच्यांचं काय करायचं? आरए बाहेरून दिसत नाही, हीच अडचण. सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. माझ्या सासूबाईंना मी एकदा सोबत दवाखान्यात नेलं, बाहेर बाकावर वेटिंगमध्ये बसलेल्या बायकांची बोटं त्यांनी पाहिली, मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. आणि कुणी मायेने आणून दिलेली बिनलेबलची पुडी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं, आणि काही काढे लिव्हरला जड जातात, मेथोट्रेक्सेटच्या जोडीला तर जास्तच.

डॉक्टरांकडे जाताना सकाळी सुजलेल्या हाताचा मोबाईलवर फोटो काढून न्या. आपली वेळ संध्याकाळी सातची, तोवर सूज उतरलेली असते आणि आपण खोटं बोलतोय असं आपल्यालाच वाटायला लागतं. कागदावर तीनच ओळी लिहा: काय होतं, कधी होतं, कशाने कमी होतं. शेवटी सरळ विचारा, "हे आरएचं असेल तर याला काय म्हणतात, आणि नसेल तर आणखी काय असू शकतं?" उत्तर द्यायला वेळ नसेल तर दुसरा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचा तज्ज्ञ डॉक्टर) बघावा. पुण्यात आता ते मिळतात, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

मुंग्या कार्पल टनेलच्या ठरल्या तर पट्टा घेताना नुसता इलॅस्टिकचा घेऊ नका. आत पट्टी असलेला, मनगट सरळ ठेवणारा घ्या, मनगटाचा घेर मोजूनच मेडिकलमध्ये जा. आणि वेल्क्रो हाताच्या वरच्या बाजूला येणारा बघा, नाहीतर रात्रभर चादरीत अडकतो.