घारापुरीसारख्या बेटाला समुद्रातल्या पवनचक्क्यांचा नेमका काय फायदा? (प्रश्न नेरुळहून)

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे डिझेलपासून सुटका. बाकीचे फायदे त्यामागून येतात. मी ऐरोलीत पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामात आहे, म्हणून दोन ठिकाणांचा दाखला देतो.

अमेरिकेतल्या ब्लॉक आयलंडवर पूर्वी सगळी वीज डिझेल जनरेटरवर चालायची. डिझेल बोटीने आणायचं, म्हणजे तेलाचा भाव वाढला की बिलही वाढायचं. २०१६ च्या अखेरीस तिथे ५ पवनचक्क्या (३० मेगावॅट) सुरू झाल्या आणि पुढच्या वर्षी जनरेटर थांबले. खरी गंमत मात्र बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलची आहे. वारा जास्त असला की वीज मुख्य भूमीकडे जाते, वारा पडला की तिकडून येते. शिवाय त्याच केबलमधून ऑप्टिकल फायबरही (इंटरनेटसाठीची तार) नेता आला.

डेन्मार्कच्या साम्सो बेटाजवळ २००३ पासून १० पवनचक्क्या आहेत. त्यातल्या ५ नगरपालिकेने स्वतः घेतल्या, काहींमध्ये रहिवाशांचे शेअर आहेत. म्हणजे पैसा बेटावरच फिरतो. मला हा मुद्दा विजेपेक्षाही मोलाचा वाटतो.

घारापुरीला मात्र हे जसंच्या तसं लागू होत नाही. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल आल्यावर जनरेटरचा प्रश्न तिथे सुटलाच. त्यात बेट मुंबई बंदरातच, जहाजांची सतत ये-जा आणि कोळी बांधवांची जाळीही तिथेच. भारतात अशा प्रकल्पांसाठी आधी गुजरात आणि तमिळनाडूचे किनारे निवडलेत, कारण तिथे वारा चांगला आहे.