टोपडं काढून बघ

प्रिय पोरी,

आरोग्य उपकेंद्रावर रुजू झालीस, बरं वाटलं. वाळवा तालुका म्हणजे उसाचा पट्टा, गावातली बाळं आणि सीझनला ऊसतोड मजुरांच्या टोळीबरोबर आलेली बाळं, दोन्ही तुझीच. लसीकरण, वजनं, रजिस्टर हे तुला कुणीही शिकवेल. मला सांगायचंय ते ट्रेनिंगमध्ये दोन ओळीत उरकतात: मारल्यानं किंवा जोरात हलवल्यानं तान्ह्या बाळाच्या डोक्याला इजा झाली तर ती बाहेरून बऱ्याचदा दिसतच नाही, आपणहून शोधावी लागते.

तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान लुळी, कुणी रागाच्या भरात छातीला धरून गदागदा हलवलं की मेंदू आत हिंदकळतो, वरच्या बारीक शिरा तुटतात, कवटीत रक्त साठतं, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरही रक्त येतं. वर टेंगूळसुद्धा नसतं. मांडीवर खेळवल्यानं असं होत नाही हां, आयांना उगाच घाबरवू नको.

आपल्यासमोर येतं ते एवढंच, की उलट्या होतायत, दूध ओढत नाही, बाळ मलूल आहे किंवा सारखं किरकिरतंय, कधी झटका, कधी श्वास अडकल्यासारखा. घरचे म्हणतात दृष्ट लागली, आपण म्हणतो पोट बिघडलं, आणि इथंच फसायला होतं. मोठमोठे डॉक्टरही फसतात, अमेरिकेत १९९९ ला छापलेल्या एका अभ्यासात अशा १७३ मुलांपैकी ५४ मुलांचं निदान पहिल्यांदा दाखवलं तेव्हा हुकलं होतं. म्हणून उलट्या आहेत पण जुलाब नाहीत, तापही नाही, तर टाळूवर हात ठेव, पण बाळ शांत असताना आणि उभं धरून, कारण रडताना टाळू फुगतेच. अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते, डोक्यात दाब वाढला की भरलेली, ताठ लागते. मेंदूज्वरातही तशीच लागते, म्हणजे कारण काहीही असो, १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलव आणि सांगली-मिरजेला पाठव. सीटी स्कॅन, डोळ्याच्या डॉक्टरांची तपासणी तिथं होईल. सुस्त बाळाला जागं करायला हलवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही.

आता टोपडं. आपल्याकडं बाळ आणतात ते अंगडं-टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून, आणि आपण मांडी तेवढी उघडी करून सुई देतो. तसं करू नको. वजनाच्या निमित्तानं सगळे कपडे काढ, टोपडं काढ, कानावर, कानामागं, मानेवर, पोटा-पाठीवर बघ, वरचा ओठ उचलून आतली पातळ पट्टी फाटलीय का बघ. जे बाळ अजून सरकतही नाही त्याच्या अंगावर एकही काळानिळा डाग आला, कितीही बारीक असला, तरी तो सोडायचा नाही. ढुंगणावर, कमरेवर जन्मापासून असतो तो निळसर डाग वेगळा, तो आपल्याकडं पुष्कळ बाळांना असतो, पहिल्याच भेटीत कार्डावर लिहून ठेव म्हणजे नंतर कुणावर नाहक आळ येणार नाही. आणि डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवत बसू नको, ते खात्रीनं सांगता येत नाही.

बाळाचं रडणं सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि हलवण्याचे प्रकारही बरेचसे याच सुमाराला किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत घडतात. आशाताईच्या घरभेटी ४२ व्या दिवशी संपतात, पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात! मधे बाळ तुझ्यासमोर येतं ते दीड महिन्याच्या आणि अडीच महिन्याच्या लसीला. तेव्हा आईला तर सांगच पण गाडीवरून सोडायला आलेल्या बापालाही आत बोलव, सांग की बाळ रडणारच, डोकं फिरलं तर त्याला सुरक्षित जागी पाठीवर झोपव, दहा मिनिटं बाहेर जा, कुणाला तरी हाक मार. आई स्वतः मार खातीये का हेही एकटीला गाठून विचार, घरातला मार बाळापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आणि हे फक्त ऊसतोड मजुरांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत होतं असं डोक्यात असेल तर काढून टाक, बंगल्यातही होतं.

पलंगावरून पडलं म्हणतील. पडतातही बाळं, पण तेवढ्यानं बेशुद्ध होण्याइतकी इजा क्वचितच होते, आणि दोन महिन्यांचं बाळ कुशीवर वळून पडलं म्हणाले तर ते वय बघ. आई एक सांगते, आजी दुसरं, आणि आणायला दोन दिवस का लावले हे कुणीच सांगत नाही, हे सगळं त्यांच्याच शब्दांत वेळ घालून लिही. आरोप करू नको, आवाज चढवू नको. रक्त न गोठण्याच्या आजारानंही असं दिसू शकतं, जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन मिळालं होतं का तेही विचारून लिही, ठरवायचं काम मोठ्या डॉक्टरांचं.

पण संशय आला तर गप्पही बसायचं नाही. मेडिकल ऑफिसरना त्याच दिवशी सांग, १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर, पुढं बालकल्याण समिती बघते. सरपंचाचं घर असलं तरी. आणि त्या घरात आणखी लहान पोरं असतील तर त्यांनाही त्याच दिवशी बघून घे.

तुझी,
जुनी सिस्टर